अपडेटनंतर यूएसबी ऑडिओ इंटरफेस दिसेना. दिसला तर रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' येतंय

वाचनवेळ | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. लॅपटॉपवर लिनक्स आहे, आर्चच्या घराण्यातलं रोलिंग डिस्ट्रो (म्हणजे सतत अपडेट होत राहणारा लिनक्सचा प्रकार), आणि दोन इनपुट, दोन आउटपुटचा लहानसा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारी डबी. दोन वर्षं कसलाही त्रास नव्हता.

काल रात्री सिस्टम अपडेट केली. आज आठवड्याभराने इंटरफेस जोडला, तर त्याचा दिवा लागतो, पण साउंड सेटिंगमध्ये नावच येत नाही. फक्त लॅपटॉपचा स्वतःचा माइक दिसतो.

दुसरी तक्रार महिनाभराची आहे. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच बारीक 'टक्' येतं, दहा मिनिटांत एकदोनदा. वाचताना कळत नाही, नंतर ऐकायला बसलं की सापडतं. मध्यंतरी चाळीस मिनिटांचा अख्खा धडा त्यापायी पुन्हा वाचला. ज्यांना पुस्तक कानानेच वाचायचं आहे त्यांच्यासाठी शब्द असा मधेच तुटलेला मला चालत नाही.

कंपनीच्या साइटवर विंडोज आणि मॅकचेच ड्रायव्हर आहेत. लिनक्सचा कुठून उतरवून घेऊ?

पाऊलवाट | सोमवार, रात्री १०:०५

माझंही असंच झालं होतं. पल्सऑडिओ, पाइपवायर, अल्सा असं आवाजाचं सॉफ्टवेअर सगळं काढलं, परत टाकलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि चालू झालं. तेवढ्यानेही नाही झालं तर डिस्ट्रो बदलून बघा.

तळापासून | सोमवार, रात्री १०:३१

ताई, तूर्त काहीही काढू नका आणि काहीही टाकू नका. आत्ता जे बिघडलंय ते जसंच्या तसं राहू दे, म्हणजे कारण सापडेल. सगळं उपसून परत टाकलं तर कदाचित चालेल, पण का चाललं ते कळणार नाही आणि पुढच्या अपडेटला पुन्हा हाच प्रसंग येईल.

आधी ड्रायव्हरचं. तो उतरवून घ्यायचा नसतोच. यूएसबीवरून आवाज कसा पाठवायचा याचं एक सामायिक मानक आहे, यूएसबी ऑडिओ क्लास. पहिली आवृत्ती १९९८ची, दुसरी २००६ची. जे उपकरण हे मानक पाळतं त्याला लिनक्स कर्नलमधलं (सिस्टमच्या गाभ्यातलं) 'एसएनडी-यूएसबी-ऑडिओ' हे मॉड्यूल, म्हणजे गरज पडल्यावर मेमरीत येणारा तुकडा, पुरतं, आणि ते कर्नलसोबतच येतं. विंडोजमध्ये दुसऱ्या आवृत्तीचा अंगचा ड्रायव्हर २०१७ साली आला, तोवर ती आवृत्ती वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापला ड्रायव्हर द्यावाच लागत होता. त्यामुळे कंपनीच्या साइटवर लिनक्सचं नाव नाही याने घाबरून जायचं कारण नाही. तुमचा इंटरफेस दोन वर्षं चालला, म्हणजे तो मानक पाळणारा आहे.

आता खालून वर जाऊ. तळाला वायर, तिच्यावर यूएसबी, मग कर्नलचं मॉड्यूल, मग अल्सा (कर्नलचा आवाजाचा भाग), मग पाइपवायर (प्रोग्राम आणि उपकरणं यांच्यात आवाजाची ने-आण करणारा) आणि सगळ्यांत वर तुमचा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. दिवा लागला याचा अर्थ पाच व्होल्ट पोचले, एवढाच. गाडी कोणत्या मजल्यावर अडली ते बघायचं आहे.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत टाका. 'एलएसयूएसबी -टी' चालवा (यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी येते) आणि त्यातली ऑडिओची ओळ इथे द्या. मग एका खिडकीत 'सुडो डीमेसग -डब्ल्यू' चालू ठेवा (ही कर्नलच्या नोंदी दाखवते), इंटरफेस काढा, पाच सेकंदांनी परत लावा आणि त्या वेळी काय उमटतं ते द्या. शेवटी 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'एसाउंड' मध्ये 'कार्ड्स' नावाची फाइल आहे, तिच्यात काय लिहिलंय ते.

वाचनवेळ | सोमवार, रात्री १०:५८

केलं. पहिल्या आज्ञेत ऑडिओच्या तीन ओळी आहेत, तिन्ही सारख्याच: क्लास=ऑडिओ, ड्रायव्हर=[नन], १२एम. त्यांच्या वर हबची (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीची) ओळ आहे, तिथे ४८०एम दिसतं.

डीमेसगमध्ये 'न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस' आणि खाली इंटरफेसचं अगदी बरोबर नाव. त्यापुढे शांतता.

कार्ड्सच्या फाइलमध्ये लॅपटॉपचंच कार्ड.

तळापासून | सोमवार, रात्री ११:०७

उत्तर 'ड्रायव्हर=[नन]' मध्ये आहे. यूएसबीला उपकरण दिसलं, ते ऑडिओचं आहे हेही कळलं, पण त्याला हाताळणारं मॉड्यूल कर्नलने आणलंच नाही. म्हणजे वायर आणि यूएसबी हे दोन मजले ठीक आहेत, आणि पाइपवायरपर्यंत तर गोष्ट गेलेलीच नाही. तिथे काही उपसून उपयोग झाला नसता.

आता मॉड्यूल हाताने आणायची आज्ञा 'सुडो मॉडप्रोब एसएनडी-यूएसबी-ऑडिओ' चालवून काय म्हणतंय ते सांगा. शिवाय 'यूनेम -आर' चालू कर्नलच्या आवृत्तीचा काय आकडा देतं आणि 'लिब' मधल्या 'मॉड्यूल्स' फोल्डरात कोणत्या आवृत्त्यांची फोल्डरं आहेत, ते दोन्ही ताडून बघा.

वाचनवेळ | सोमवार, रात्री ११:१५

मॉडप्रोब म्हणतं, 'फेटल', मॉड्यूल त्या फोल्डरात सापडत नाही. यूनेम जुना आकडा देतंय. मॉड्यूल्स फोल्डरात मात्र फक्त नवा आकडा आहे, जुना नाहीच. हे असं कसं?

तळापासून | सोमवार, रात्री ११:२४

मिळालं. लॅपटॉप किती दिवसांत रीस्टार्ट केला नाही?

काल अपडेटने नवा कर्नल डिस्कवर ठेवला आणि जुन्याची मॉड्यूलं पुसून टाकली. पण मेमरीत अजून जुनाच कर्नल धावतोय. आज इंटरफेस लावल्यावर त्याने आपलं ऑडिओ मॉड्यूल शोधलं, ते डिस्कवर उरलेलं नाही, आणि नव्या कर्नलचं मॉड्यूल त्याला चालत नाही. शेवटच्या रीस्टार्टनंतर आणि अपडेटच्या आधी इंटरफेस एकदा जरी लावला असता तर मॉड्यूल आधीच मेमरीत असतं आणि आज काही जाणवलंही नसतं. आठवडाभर लावला नाही म्हणून आज उघडं पडलं.

रीस्टार्ट करा. बाकी काही नको.

वाचनवेळ | सोमवार, रात्री ११:३३

आला! रीस्टार्ट पाच दिवसांत केलं नव्हतं, रोज झाकण मिटून ठेवते. एलएसयूएसबीत आता 'ड्रायव्हर=एसएनडी-यूएसबी-ऑडिओ' दिसतंय आणि सेटिंगमध्ये नावही आलं. मनापासून आभार. 'टक्'चं उद्या बघू का?

पाऊलवाट | मंगळवार, सकाळी ८:१०

हे वाचून माझ्या लक्षात आलं की माझंही सगळं काढून-टाकून नव्हे, त्यानंतरच्या रीस्टार्टमुळे सुटलं असणार. गेली दोन वर्षं मी विचारेल त्याला रीइन्स्टॉल सांगत होतो. ताई, काल तुम्हाला चुकीच्या वाटेला लावणार होतो, क्षमस्व.

वाचनवेळ | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

क्षमा कशाला, तुम्ही लगेच धावून आलात तेच खूप.

आज नवीनच अडचण आली. इंटरफेसच्या हेडफोनमधून आधीचा परिच्छेद ऐकत पुढचा रेकॉर्ड करते, म्हणजे वाजवणं आणि रेकॉर्डिंग एकाच वेळी. आज रेकॉर्डचं बटण दाबलं की प्रोग्राम 'उपकरण उघडता येत नाही' म्हणतो. नुसतं वाजवलं तर चालतं, नुसतं रेकॉर्ड केलं तरी चालतं. दोन्ही एकत्र नाही. 'टक्' जाईल म्हणून मी सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे) ४८,००० वरून ९६,००० केला होता, त्याचा काही संबंध आहे का? डीमेसगमध्ये लाल अक्षरांत 'नॉट इनफ बँडविड्थ', खाली 'यूएसबी_सेट_इंटरफेस फेल्ड', आणि कंसात उणे २८.

तांब्याची_तार | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

संबंध आहे, आणि पुरता आहे. या धाग्यात इतका वेळ नुसता वाचत होतो, पण हा माझा विषय.

उणे २८ म्हणजे जागा शिल्लक नाही. डिस्कवरची नव्हे, यूएसबीच्या वेळापत्रकातली. तुमचा इंटरफेस फुल-स्पीड आहे, १२एम म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट. फुल-स्पीडला काळाचे एकेक मिलिसेकंदाचे तुकडे असतात आणि एका तुकड्यात सगळा खटाटोप धरून १,५०० बाइट मावतात. त्यातला ९० टक्क्यांपर्यंतच भाग ऑडिओसारख्या नेमाने येणाऱ्या गोष्टींना देता येतो.

आता तुमचा हिशेब. ९६,००० ला एका मिलिसेकंदात ९६ नमुने. एक नमुना २४ बिट, म्हणजे ३ बाइट, चॅनल दोन. ९६ गुणिले ३ गुणिले २, झाले ५७६ बाइट. हे एका दिशेचं. वाजवणं आणि रेकॉर्डिंग मिळून १,१५२. वर प्रत्येक पाकिटाचं (पॅकेटचं) वेष्टन वेगळं. एकट्याने कसंबसं बसेलही, पण तुम्ही हबवर आहात. त्या हबला आणखी काय काय लावलंय?

वाचनवेळ | मंगळवार, संध्याकाळी ७:११

कीबोर्ड, माउस आणि मीटिंगसाठी एक यूएसबी हेडसेट.

तांब्याची_तार | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

हेडसेटही बहुधा फुल-स्पीडच असणार, आणि मीटिंगचा प्रोग्राम उघडा राहिला असेल तर तोही आपला वाटा अडवून बसतो.

हबची गंमत अशी की तो लॅपटॉपशी ४८० मेगाबिटने बोलतो, पण मागे लावलेल्या सावकाश उपकरणांसाठी त्याच्यात एक दुभाष्या असतो, ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर. पुष्कळ हबमध्ये चारही पोर्टना मिळून हा दुभाष्या एकच असतो. म्हणजे हब ४८०चा असला तरी त्यावरची सगळी फुल-स्पीड उपकरणं एकाच १२ मेगाबिटच्या गल्लीतून जातात. काही हबमध्ये प्रत्येक पोर्टला स्वतंत्र असतो. 'एलएसयूएसबी -व्ही' मध्ये हबच्या माहितीत 'सिंगल टीटी' किंवा 'टीटी पर पोर्ट' असं लिहिलेलं असतं, त्यावरून कळेल. नवा हब घ्यायच्या आधी हे पाहणारे फार थोडे.

इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा आणि रेट ४८,००० वर आणा. ४८,००० ला दोन्ही दिशा मिळून ५७६ बाइट, आरामात बसतात. ४८,००० मध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज नोंदला जातो, माणसाचा कान २० च्या पलीकडे जात नाही. वाचनाला तेवढं भरपूर आहे. ९६,००० ने 'टक्' जाणार नव्हतंच, पाकिटं दुप्पट जड झाली एवढंच.

वाचनवेळ | मंगळवार, रात्री ८:१४

'सिंगल टीटी' च निघालं. थेट पोर्टला लावून ४८,००० केलं, आता वाजवणं आणि रेकॉर्डिंग दोन्ही एकत्र चालतंय. ते १,१५२ चं गणित वहीत उतरवून ठेवलं.

'टक्' मात्र आहेच. वीस मिनिटांत तीनदा आलं.

संथ_लय | मंगळवार, रात्री ८:४०

मध्येच बोलतेय, माफ करा. माझ्याकडे वेबकॅमच्या माइकला दरवेळी उघडायला सहासात सेकंद लागतात, आणि डीमेसगमध्ये 'कॅनॉट गेट फ्रीक्वेन्सी ॲट एंडपॉइंट' असं चारपाचदा येतं. वेगळा धागा काढू का?

तळापासून | मंगळवार, रात्री ९:०५

संथ_लय, नको, इथेच सांगतो. हा दोष उपकरणाच्या फर्मवेअरचा, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा आहे. ड्रायव्हर सॅम्पल रेट ठरवतो आणि मग खात्रीसाठी 'आता कितीवर आहेस?' असं विचारतो. काही उपकरणांना हा प्रश्न समजतच नाही, ती गप्प बसतात आणि ड्रायव्हर प्रत्येक वेळी वाट पाहून पुढे जातो. तुमचे सहासात सेकंद या वाट पाहण्यात जातात.

कर्नलमध्ये अशा उपकरणांची एक यादीच आहे, कोणाशी कसं वागायचं याची. तुमचं उपकरण यादीत नसेल तर ५.१५ च्या पुढच्या कर्नलमध्ये 'क्वर्क_फ्लॅग्ज' नावाचा पॅरामीटर स्वतः देता येतो. 'ईटीसी' मधल्या 'मॉडप्रोब.डी' फोल्डरात 'डॉट कॉन्फ' ने संपणाऱ्या नावाची एक फाइल करा, तिच्यात एकच ओळ: 'ऑप्शन्स एसएनडी-यूएसबी-ऑडिओ क्वर्क_फ्लॅग्ज=०एक्स१'. पहिला बिट म्हणजे 'रेट परत विचारू नकोस'. मग रीस्टार्ट. यूएसबीवर दुसरंही ऑडिओ उपकरण असेल तर मॉड्यूलच्या व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी (कंपनीचा आणि उपकरणाचा ओळख क्रमांक) या पॅरामीटरने नेमकं उपकरण दाखवून द्या.

चाललं तर एक विनंती आहे, आणि ती मनापासून करतो. उपकरणाचे ते दोन आयडी आणि हा अनुभव कर्नलच्या ध्वनी विभागाच्या मेलिंग लिस्टला कळवा. अल्साची सुरुवात १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला यांनी केली, आज ते आणि ताकाशी इवाई मिळून तो भाग सांभाळतात. उपकरणांच्या त्या यादीतली कित्येक नावं तुमच्याआमच्यासारख्यांच्या मेलमुळेच तिथे आली आहेत. एकदा आलं की त्या वेबकॅमच्या प्रत्येक मालकाचं काम आपोआप होतं, त्याला असा धागा शोधत फिरावं लागत नाही.

ताई, तुमच्या 'टक्'कडे वळू. दोन प्रश्न. एखादा जुना लेख वाचून पाइपवायरच्या सेटिंगमध्ये काही घातलं होतं का? आणि पाइपवायरचं काम दाखवणारी 'पीडब्ल्यू-टॉप' ही आज्ञा चालू ठेवून रेकॉर्ड करा, त्यात 'ईआरआर' नावाचा चुकांचा रकाना आहे. 'टक्' आल्यावर तिथला आकडा वाढतो का, ते मला नक्की हवंय.

वाचनवेळ | मंगळवार, रात्री १०:२६

सेटिंगमध्ये काहीच घातलेलं नाही. क्वांटम (एका वेळी उचलायचे नमुने) १०२४ आणि रेट ४८,००० दिसतो. वीस मिनिटं रेकॉर्ड केलं, ईआरआर शून्यावर होता आणि शून्यावरच राहिला. नंतर ऐकलं तर दोनदा 'टक्'.

तळापासून | मंगळवार, रात्री १०:४५

हे महत्त्वाचं आहे. १०२४ नमुने म्हणजे २१ मिलिसेकंदांची सवड, ती भरपूर झाली. एखाद्याने घाईने ६४ ठेवलं असतं तर मी तिथेच बोट ठेवलं असतं. ईआरआर हलला नाही म्हणजे पाइपवायरला उशीर झालेला नाही. त्याच्या हातात आला तेव्हाच आवाजात खोट होती.

आता पाइपवायर बाजूला काढून थेट अल्साशी बोला. साउंड सेटिंगमध्ये, किंवा पाव्हूकंट्रोल या आवाजाच्या प्रोग्रामच्या कॉन्फिगरेशनमध्ये, इंटरफेसचं प्रोफाइल 'ऑफ' करा, नाहीतर 'डिव्हाइस बिझी' येईल. मग अल्साच्या 'एरेकॉर्ड' या आज्ञेने वीस मिनिटं रेकॉर्ड करा. उपकरण 'एचडब्ल्यू:कार्ड=' पुढे नाव लिहून द्या, आकड्याने नको. कार्डाचा आकडा रीस्टार्टला बदलतो, नाव बदलत नाही. फॉरमॅट 'एस२४_३एलई', रेट ४८,०००, चॅनल २. एरेकॉर्डला स्वतःला उशीर झाला तर तो 'ओव्हररन' असं छापतो.

वाचनवेळ | बुधवार, सकाळी ७:३५

ओव्हररन एकदाही छापलं नाही. 'टक्' दोनदा आलं, ६:१४ आणि १७:५० ला. तरंग मोठा करून पाहिला. स्वराची गुळगुळीत लाट चढत असते आणि मध्येच कातरीने कापून पुढचा तुकडा जोडल्यासारखी पायरी दिसते. पायरीच्या दोन्ही बाजूंना आवाज अगदी स्वच्छ.

तांब्याची_तार | बुधवार, सकाळी ८:०२

ताई, ही पायरी म्हणजे गळलेलं पाकीट. यूएसबीवर फाइल कॉपी करताना पाकीट बिघडलं तर ते पुन्हा मागवलं जातं. ऑडिओ मात्र आयसोक्रोनस पद्धतीने जातो. त्यात वेळ पाळणं पहिलं. पाकीट बिघडलंय हे तपासून कळतं, पण परत मागवायची सोय नाही. एक पाकीट गेलं की एक मिलिसेकंद गेलं, तुमच्या रेटला ४८ नमुने. तेवढ्यात कानाला 'टक्' ऐकू येतं.

म्हणूनच एखादी वायर पेन ड्राइव्हला बिनघोर चालते आणि ऑडिओला नडते. मला वायरचा संशय आहे.

वाचनवेळ | बुधवार, सकाळी ८:११

पण डीमेसगमध्ये तर एकही ओळ नाही. काल रात्रभर खिडकी उघडी होती.

तळापासून | बुधवार, सकाळी ८:४८

नसणारच, आणि इथेच बहुतेक जण चकतात. रेकॉर्डिंगमधलं बिघडलेलं पाकीट ड्रायव्हर डीबग पातळीवर (दोष शोधण्यासाठीच्या नोंदींत) नोंदतो आणि ती पातळी एरवी बंद असते. रीस्टार्टपर्यंत ती उघडता येते. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन 'मॉड्यूल एसएनडी_यूएसबी_ऑडिओ +पी' एवढे शब्द 'सिस/कर्नल/डीबग/डायनॅमिक_डीबग' मधल्या 'कंट्रोल' फाइलला 'एको' करा. मग डीमेसग चालू ठेवून परत तेच रेकॉर्डिंग. बऱ्याच ओळी येतील, त्यातली 'फ्रेम' ने सुरू होणारी आणि उणे आकड्याने संपणारी शोधा. वेळही टिपा.

वाचनवेळ | बुधवार, दुपारी १:२०

सापडली! 'फ्रेम ३ ॲक्टिव्ह: -७१'. वीस मिनिटांत तीन ओळी. रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' ही तीनच, आणि वेळा एकमेकींशी तंतोतंत जुळतात. महिनाभर जे फक्त कानाला ऐकू येत होतं ते आज डोळ्यांनी वाचलं. माझ्या अंगावर काटा आला.

तळापासून | बुधवार, दुपारी १:३१

उणे ७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक, यूएसबीच्या तारेवरच पाकीट बिघडलं. कर्नल, अल्सा, पाइपवायर तिघेही सुटले. महिन्याभरापूर्वी जोडणीत काही बदललं होतं का?

वाचनवेळ | बुधवार, दुपारी १:३८

टेबल खिडकीपासून लांब हलवलं, बाहेरचा आवाज नको म्हणून. तेव्हा मूळ वायर पुरेना, तर तीन मीटरची एक्स्टेन्शन जोडली. हबला लावत होते तेव्हाही ती होती आणि काल थेट पोर्टला लावतानाही तीच मध्ये होती.

तांब्याची_तार | बुधवार, दुपारी १:५०

काढा ती. साध्या एक्स्टेन्शन वायरला यूएसबीच्या मानकात मान्यता नाही. फुल-स्पीडला एका सलग वायरची कमाल लांबी पाच मीटर धरलेली आहे, पण मधला जोड हा वेगळाच शत्रू, तिथे संपर्क सैल असतो आणि आवरण तुटतं. लांबी हवीच असेल तर एक सलग, चांगल्या आवरणाची वायर घ्या, आणि ती चार्जरच्या वायरीला चिकटवून नेऊ नका. त्याआधी मूळ वायरीने तासभर चाचणी घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे गुन्हेगार नक्की कोण ते कळेल.

वाचनवेळ | बुधवार, रात्री ९:१५

मूळ एक मीटरच्या वायरीने तासभर रेकॉर्ड केलं, डीबग चालू ठेवून. 'फ्रेम'ची एकही ओळ नाही. मग खात्रीसाठी एक्स्टेन्शन पुन्हा जोडली, नवव्या मिनिटाला उणे ७१. काढली, परत शांत.

एक शेवटचं विचारते. थोडा वेळ थांबून मागचं ऐकायला गेलं की पहिलं अक्षर खाल्लं जातं. 'पाणी' ऐवजी 'णी'. हे वायरचंच का?

तळापासून | बुधवार, रात्री ९:४०

नाही, हे अगदी वरच्या मजल्यावरचं. पाच सेकंद काही वाजलं नाही की वायरप्लंबर, म्हणजे पाइपवायरचा कारभार पाहणारा प्रोग्राम, ते आउटपुट झोपवतो. पुन्हा वाजवताना इंटरफेसला जागं व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात 'पा' निघून जातं. तुमच्या घराच्या फोल्डरातल्या 'डॉट कॉन्फिग' मध्ये 'वायरप्लंबर', त्यात 'वायरप्लंबर.कॉन्फ.डी' असं फोल्डर करा, आणि त्यातल्या फाइलमध्ये इंटरफेसच्या नोडसाठी (पाइपवायरमधल्या त्याच्या आउटपुटसाठी) 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंद्स' शून्य ठेवा. जुने लेख यासाठी लुआ भाषेतली फाइल सांगतात. २०२४ च्या ०.५ आवृत्तीपासून ती वाचलीच जात नाही, म्हणून लेखाप्रमाणे करूनही फरक पडला नाही असं अनेकांचं होतं. नोडचं नेमकं नाव 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' मध्ये क्रमांक पाहून 'डब्ल्यूपीसीटीएल इन्स्पेक्ट' ने मिळेल. अडलं तर फाइल इथे टाका, मी बघतो.

संथ_लय | गुरुवार, सकाळी ७:५०

क्वर्क_फ्लॅग्जने वेबकॅमचा माइक आता लगेच उघडतो. दोन्ही आयडी आणि डीमेसगच्या ओळी जोडून मेलिंग लिस्टला मेल पाठवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

वाचनवेळ | शुक्रवार, रात्री १०:०२

'पा' परत मिळाला. फाइल पहिल्या झटक्यात बसली नाही, नोडच्या नावात एक टिंब राहिलं होतं.

टेबल परत लॅपटॉपजवळ ओढलं आणि खिडकीला जाड गोधडी लावली. आज धडा नववा रेकॉर्ड झाला, ४३ मिनिटं, आणि सबंध ऐकला. एकदाही 'टक्' नाही. महिन्याभरातल्या खराब फाइलींची यादी केली, सात धडे निघाले. उद्यापासून ते पुन्हा वाचायला घेतेय.